भरा, झाका आणि विसरा

1985 साली हिरो होंडाची सीडी-100 बाजारात आली, तेव्हा तिच्या जाहिरातीचं सांगणं एवढंच होतं की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आमच्या पाथरी तालुक्यानं पहिल्या दोन गोष्टी ऐपतीप्रमाणे पाळल्या आणि तिसरी अगदी मनापासून. पेट्रोल शंभराचं पडतं, झाकणाची किल्ली हरवलेली असते, पण विसरण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पुढं हिरो आणि होंडाचा काडीमोड झाला, 2011 मध्ये कंपनीचं नावही बदललं. आमच्याकडं मात्र टाकीवर त्या दोघांचा संसार अजून सुखानं चालू आहे, आणि इंजिनातलं तेल बहुतेक लग्नातलंच आहे.

माझी स्प्लेंडर याच पिढीतली. गाडी म्हातारी झाली की तिचे पार्ट मिळायला वेळ लागतो, सल्लागार लगेच मिळतात. कल्याण-निर्मल हायवेच्या कडेला ती बंद पडायचा अवकाश, पहिला येणारा 'प्लग गेला' म्हणतो, दुसरा कार्बोरेटरवर संशय घेतो, तिसरा 'विकून टाका सर' म्हणून स्वतःच भाव सांगतो. चौथा काही बोलत नाही. टाकीचं झाकण उघडतो, आत जोरात फुंकर मारतो, आणि गाडी सुरू होते! या फुंकरेवर लोकांची फार भक्ती आहे. खरी गोष्ट अशी की झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडलं तिथंच काम झालेलं असतं, श्रेय फुंकर घेऊन जाते. गाडी डावीकडं आडवी करण्याचा चमत्कारही असाच. टाकी दोन्ही बाजूंना खाली उतरलेली, कॉक मात्र डावीकडं. उजव्या खळग्यात अडकलेलं पेट्रोल आडवं केल्यावर इकडं येतं आणि पंपापर्यंत पोचवतं.

आमचे मिस्त्रीभाई या सगळ्यांना हसतात. गाडी पाहण्याआधी ते माणसाला पाहतात. 'सर, गाडी को कुछ नै हुआ, सवारी को हुआ है.' मग पहिल्यांदा कॉक चालू आहे का ते बघतात. निम्मे गिऱ्हाईक इथंच बरे होतात. उरलेल्यांचा प्लग खोलला जातो आणि मिस्त्रीभाई वैद्यानं जीभ पाहावी तसा तो उन्हात धरून बघतात. तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टरमध्ये तालुक्याची धूळ बसलीय. तेलकट ओला असेल तर ते काही बोलत नाहीत, फक्त चहा मागवतात. रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं, म्हणजे इंजिन उतरवायचं, हे चहा संपल्यावर सांगतात. प्लगचं अंतर 0.6 ते 0.7 मिलिमीटर हवं. हे माप ते डोळ्यानं घेतात. मी एकदा गेज आणून पडताळलं, तर गेजवरच संशय यायची वेळ आली.

हँडलवर 'श्रद्धा सबुरी'चं स्टिकर असल्याशिवाय इथली गाडी पूर्ण होत नाही. साईबाबांचं जन्मस्थान पाथरी की नाही, यावरून 2020 च्या जानेवारीत शिर्डी बंद राहिली होती. त्या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की हिवाळ्यातल्या सकाळी चोक ओढून जुन्या गाडीला किक मारणाऱ्या गावाला सबुरी बाहेरून शिकावी लागली नसणार.

चेनचं म्हणाल तर गॅरेजमधलं जळकं तेल तिच्यावर ओतणं हा आमच्याकडचा सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग उपाय. त्या तेलाला काळ्या रानाची माती चिकटते आणि चेन-स्प्रॉकेट घासून काढणारा मलम फुकटात तयार होतो. रॉकेलनं धुवा, पुसा, नव्वद नंबरचं तेल थोडंसं लावा. मधोमध बोटानं दाबून चेन साधारण पंचवीस मिलिमीटर हलली की पुरे. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं जाणाऱ्यांनी सोबत एक काठी ठेवावी. काळी माती मडगार्डात अशी ठासून भरते की चाक फिरतच नाही, आणि मग माणूस गाडीवर बसण्याऐवजी गाडी माणसावर बसते.

अलीकडं एक नवं दुखणं आलंय. जायकवाडीच्या कालव्यावर आम्ही ऊस लावतो. तो कारखान्याला जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते वीस टक्के पेट्रोलमध्ये मिसळतं आणि आमच्याच टाकीत परत येतं. कित्येकदा उसाचं बिल यायच्या आधी! इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या गाडीतलं रबर खराब करतं. म्हणून पेट्रोलची नळी चिरली, कडक झाली की बदलून टाकावी. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि आतलं पेट्रोल काढून टाकावं.

सरकारचंही जुन्या गाडीवर लक्ष आहे. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी नंबरप्लेट लावायची आहे. त्यामुळं आता ब्रेकचं लायनर संपलेलं, इंडिकेटर एकाच बाजूचा, आणि प्लेट हाय सिक्युरिटी, अशा गाड्या एमएच-22 चा मान राखत सेलू-मानवतकडं धावताना दिसतात.

एवढं सगळं नाही जमलं तरी चालेल, पण तेल बघा. जुन्या इंजिनाचं तेल दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलावं, तेही इंजिन कोमट असताना, म्हणजे ते गाळासकट खाली येतं. सीट कव्हर आणि झालरीला लागतात त्यापेक्षा पैसे कमीच लागतात. उद्या सकाळी किक मारण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर लावा, उजव्या बाजूची तेलाची पट्टी काढून पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि पुन्हा काढून बघा. तेल खालच्या रेघेच्याही खाली असेल तर गाडी तिथंच ठेवा आणि दुकानापर्यंत चालत जा.