आधी चाळा, मग साठवा

सर्व्हर जिवंत आहे. दहा सेकंदांनी, अजूनही जिवंत आहे. आणखी दहा सेकंदांनीही जिवंतच आहे.

ॲपच्या प्रती सांभाळणाऱ्या कुबरनेटिस प्रणालीत ही तब्येतीची चौकशी, कुणी मुद्दाम बदलली नसेल तर, दर 10 सेकंदांनी होते. म्हणजे ॲपच्या एका प्रतीमागे दिवसाला 8,640 वेळा. शंभर प्रती चालत असतील, तर 8 लाख 64 हजार. कित्येक ॲप त्यातल्या प्रत्येक चौकशीची एक ओळ लॉगमध्ये लिहितात आणि कंपनी ती भाड्याच्या जागेत जपून ठेवते.

यातली एक तरी ओळ कुणी कधी वाचली आहे?

डीबगचं तेच. रिलीजच्या आदल्या रात्री चूक सापडेना, म्हणून डीबग, म्हणजे बारीकसारीक तपशीलही लिहिणारा लॉग, चालू होतो. चूक सापडते, सगळे घरी जातात. डीबग चालूच राहतो. महिनाअखेरीला बिल फुगलं की मग धावाधाव.

आणि धावाधाव होते ती चुकीच्या दिशेने. जुने लॉग पुसले जातात.

ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचचं अमेरिकेतलं मूळ दरपत्रक पाहा. साधा लॉग आत घेण्याचे जीबीला 50 सेंट, साठवण्याचे महिन्याला जीबीमागे 3 सेंट. खरा पैसा दारातच घेतला जातो. मग माळा साफ करून किती वाचणार? चाळणी दाराबाहेर हवी, लॉग गोळा करणाऱ्या एजंटपाशी. त्याहून बरं म्हणजे जिथे ओळ जन्मते त्या कोडमध्येच. आणि कालमर्यादा स्वतः घाला, कारण तुम्ही काही सांगितलं नाहीत तर क्लाउडवॉच लॉग कायमचा ठेवतं. भाडं तुमचं.

चाळणी काही नवी नाही. एरिक ऑलमन यांनी 1980 च्या दशकात सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिला, आणि त्याच्यासोबत संदेशांना महत्त्वानुसार पायरी द्यायची पद्धत रूढ झाली. शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे डीबग. मग सातवी पायरी बंद करायला चाळीस वर्षं कशाला लागावीत?

साठवणुकीचा खर्च फक्त पैशांतच होतो असंही नाही. मे 2018 मध्ये ट्विटरला आपल्या 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. पासवर्ड झाकले जाण्याआधीच कंपनीच्या आतल्या एका लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. जी ओळ लिहिलीच जायला नको होती, ती सांभाळून ठेवली होती.

तर मग पाचव्या पायरीच्या पुढचं सगळं उडवून टाकायचं?

अजिबात नाही! चोरलेला पासवर्ड घेऊन चोर येतो, तेव्हा त्याचं लॉगिन यशस्वी होतं. यशस्वी लॉगिन म्हणजे साधी ‘माहिती’, सहावी पायरी. कुठेही लाल दिवा लागत नाही. ‘खर्च तीस टक्के कापा’ असा वरून आदेश आला की पहिली कुऱ्हाड नेमकी याच ओळींवर पडते.

2023 मध्ये चिनी हॅकर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या मेलमध्ये शिरले. खात्याला ते कळलं, कारण मेल कुणी उघडली याची सविस्तर नोंद देणारा मायक्रोसॉफ्टचा महागडा परवाना त्याने घेतला होता. स्वस्तातला परवाना घेतलेल्यांकडे ती नोंदच नव्हती. टीकेची झोड उठली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अशा नोंदी जादा पैसे न घेता द्यायचं कबूल केलं आणि त्या ठेवण्याची मुदत 90 दिवसांवरून 180 वर नेली. हे चोरीनंतर.

आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशात 180 दिवस लॉग ठेवणं बंधनकारकच केलं आहे. त्याचा धाक दाखवून सगळंच कोंबून ठेवणारे भेटतात. पण कुठले लॉग, हे याच संस्थेच्या प्रश्नोत्तरांत दिलं आहे. फायरवॉल, वेब, डेटाबेस आणि मेल सर्व्हर, व्हीपीएन, एटीएम स्विच, ॲप्लिकेशन. ‘मी जिवंत आहे’ या जपाचा त्यात कुठे उल्लेख आहे?

मधला मार्ग रोजच्या कामातलाच आहे. बिनचूक पार पडलेल्या नेहमीच्या विनंत्यांतली शंभरातली एक ठेवा. चुका सगळ्या ठेवा. लॉगिन, अधिकारबदल, पैशांचे व्यवहार यांना हात लावू नका. एकच ओळ हजार वेळा आली, तर ओळ एकदा आणि शेजारी आकडा.

हे ठरवणार कोण? आज बिल भरतो वित्त विभाग, ओळी लिहितो प्रोग्रॅमर आणि रात्री दोन वाजता त्या उपसतो तिसराच कुणी. तिघं एका टेबलाशी कधी बसतात?

बसवा. प्रत्येक टीमला तिच्या लॉगचं बिल तिच्या नावाने दाखवा. आणि काय कापायचं हे ठरवताना त्या रात्री दोनवाल्याला आधी बोलू द्या. कुठल्या ओळीने त्याला खरंच वाट दाखवली, हे त्या खोलीत त्यालाच ठाऊक आहे.