परसातील तीर्थाची प्राणप्रतिष्ठा

नाशिक हे तीर्थक्षेत्र असल्यामुळे या नगरीत पाण्याचा कोणताही साठा फार काळ नुसता साठा राहत नाही. त्याचे यथाकाल कुंड होते, आणि कुंड झाले की विधी, अधिकारी व दक्षिणा या तिन्ही गोष्टी त्याला ओघानेच प्राप्त होतात. रामकुंड आणि लक्ष्मणकुंड यांच्या प्राचीन परंपरेत अलीकडे जी खासगी कुंडांची भर पडली आहे, तिच्याकडे तीर्थमाहात्म्याच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरलगत, म्हणजे फुगवट्याच्या पाण्याकाठी, गिरणाऱ्याच्या वाटेवर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर आणि खुद्द शहरातील ऐसपैस बंगल्यांच्या परसात ही निळी कुंडे आता विपुल आढळतात. अशा कुंडाचे बांधकाम संपल्यापासून पहिला मनुष्य त्यात उतरेपर्यंतचा जो काळ असतो, त्याला या व्यवसायातील मंडळी ‘पूल चालू करणे’ असे म्हणतात; तथापि त्यातील सोवळे, मंत्र आणि खर्च पाहता त्याला प्राणप्रतिष्ठा म्हणणेच शास्त्राला धरून होईल.

या परंपरेचे मूळ शोधावयाचे झाल्यास मोहेंजोदडो येथील महास्नानगृहापर्यंत मागे जावे लागते. ते सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त २.४ मीटर खोल असून पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिलेला होता. नाशिकच्या बंगल्यातील कुंड साधारणतः १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असते, असे धरले तर साडेचार हजार वर्षांत मानवाने या क्षेत्रात केलेली मुख्य प्रगती म्हणजे कुंडाचा आकार कमी करून वापरणाऱ्यांची संख्या एका कुटुंबावर आणणे ही होय. दिशेच्या बाबतीत मात्र शास्त्र ढळलेले नाही: वास्तुशास्त्रानुसार पाणी ईशान्येस हवे, आणि ईशान्येस नेमका काळा कातळ लागला तर ब्रेकर लावून तो फोडला जातो, पण वास्तुपुरुषाला हलण्याची तोशीस दिली जात नाही.

सामान्य वाचकास कल्पना नसेल, पण असे कुंड एकदा नव्हे तर दोनदा भरावे लागते. पहिल्या भरणीस जलरोधक थराची चाचणी म्हणतात. फरशी बसविण्यापूर्वी कुंड काठोकाठ भरतात, भिंतीवर पातळीची खूण करतात आणि काही दिवस पाणी तसेच उभे ठेवून खूण किती खाली गेली हे पाहतात. आता उन्हाळ्यात पाणी गळतीनेही जाते आणि बाष्पीभवनानेही, आणि कंत्राटदाराच्या मते ते नेहमी बाष्पीभवनानेच गेलेले असते. हा वाद मिटविण्यासाठी बादली चाचणी नावाची एक सुबोध युक्ती रूढ आहे. पाण्याने भरलेली बादली कुंडाच्या पायरीवर ठेवावी, आतील व बाहेरील पातळीची खूण करावी, आणि बादलीपेक्षा कुंडातील पाणी अधिक उतरले तर गळती आहे असे समजावे. धरणे आणि जलवाहिन्या यांच्या कारभारात ही बादली अद्याप कोणी ठेवलेली नाही, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. चाचणी पार पडली की ते ७० हजार लिटर पाणी हिरवळीवर, आणि हिरवळ नको म्हणेपर्यंत प्यायली की गटारीत सोडले जाते.

दुसरी, म्हणजे खरी भरणी ही अधिक जोखमीची असते. आपल्याकडे बहुतेक कुंडांना काचेच्या बारीक तुकड्यांची किंवा चिनी मातीची फरशी लावतात. परंतु ज्यांनी परदेशी चित्रे पाहून सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्याचा आग्रह धरलेला असतो, त्यांना कडक नियम पाळावे लागतात. पाण्याची धार सर्वांत खोल जागी सोडावी, तिच्या तोंडाला फडके बांधावे म्हणजे ओल्या गिलाव्यावर ओरखडा पडत नाही, आणि एकदा सुरू केलेली भरणी मध्येच थांबवू नये, कारण जेथे पाणी थांबते तेथे भिंतीवर कायमची रेघ उमटते. मिनिटाला २० लिटर देणाऱ्या नळीने हे कुंड भरावयास जवळपास अडीच दिवस अखंड पाणी लागते. ज्या शहरात नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असते आणि उन्हाळ्यात आठवड्यातील एखाद्या दिवसाच्या कपातीवर बैठका होतात, तेथे हा अखंडतेचा नियम नळाने पाळणे अशक्य असल्याने दहा हजारी टँकर मागविले जातात. पहिला रिता होताच दुसऱ्याने तोंड लावावे अशा बेताने सातही टँकर फाटकाबाहेर ओळीने उभे राहतात, आणि शेजाऱ्यांना लग्नघर कोणाचे असा प्रश्न पडतो.

बोअरवेलचा मार्गही उपलब्ध आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा अधिक खोल विहिरीस खोल विहीर ठरवून शेती व उद्योग यांसाठी ती नव्याने घेण्यास मनाई केली आहे; पोहणे ही शेतीही नाही आणि उद्योगही नाही, हे ओळखण्यास कायद्याचे फार मोठे ज्ञान लागत नाही. याच जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराने ‘मागेल त्याला शेततळे’ या २०१६ च्या योजनेतून खड्डा खोदला, त्यावर प्लास्टिकचे अस्तर अंथरले आणि त्यात बोअरवेलचे पाणी साठविले, की भूजलाच्या उपशावर चर्चासत्र भरते. बंगल्यातील खड्ड्याला अस्तराऐवजी फरशी असल्याने तो सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत जातो.

पाणी किती भरावे, याचेही प्रमाण ठरलेले आहे. कुंडाच्या भिंतीत एक चौकोनी तोंड असते, त्यास स्किमर म्हणतात. पृष्ठभागावरील पाने, किडे आणि तेलकट साय त्यातून ओढली जाते, आणि पाणी या तोंडाच्या मध्यावर असावे लागते. त्याहून वर गेले तर कचरा ओढला जात नाही, खाली गेले तर पंप हवा ओढून बिघडतो. गोदावरीच्या पुराचे मोजमाप नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून करतात, गुडघ्याला लागले की कमरेला लागले हे विचारतात आणि त्यावरून काठच्या दुकानदारांनी माल हलवावा की नाही ते ठरते. स्किमर हा परसातील दुतोंड्या मारुतीच होय. फरक एवढाच, की येथे पूर आला तर मालक आनंदित होतात आणि टँकरवाल्याचे बिल तपासतात.

यानंतर पाण्याची परीक्षा आरंभते, आणि या भागात विज्ञानाचे तेज खरोखर नजरेत भरते. पहिला मान सामूचा. सामू म्हणजे पाण्याची आम्लता वा विम्लता दर्शविणारा ० ते १४ यांमधील अंक. ७ हा उदासीन, त्याखाली आम्ल आणि वर विम्ल. द्राक्षाच्या फवारणीमुळे हा शब्द निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या जिभेवर असतोच. बंगल्यात तो आता गृहिणींच्या भिशीत पोहोचला आहे. कुंडासाठी सामू ७.२ ते ७.८ असावा लागतो. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, त्यामुळे सामू रोज वर चढतो आणि तो खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घालावे लागते. दुसरा मान एकूण क्षारतेचा, म्हणजे सामूला एकाएकी उड्या मारू न देणाऱ्या घटकांचा. ती लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम हवी. तिसरा मान चुन्याच्या कठीणपणाचा, तो २०० ते ४०० हवा; कारण पाण्यात चुना कमी असेल तर असे भुकेले पाणी भिंतीचा गिलावाच खाऊ लागते, आणि जास्त असेल, जसा तो आपल्या बेसॉल्ट खडकातील बोअरवेलच्या पाण्यात पुष्कळदा असतो, तर फरशीवर पांढरी खपली धरते. पाणी खाणारे आहे की थर देणारे, हे सांगणारा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँजेलियर या प्राध्यापकाने १९३६ मध्ये मांडला. तो त्याने शहरांच्या जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून मांडला होता. आपल्याकडे तो जलवाहिनीच्या आधी बंगल्यात पोहोचला, यात त्या प्राध्यापकाचा दोष नाही.

या सर्व काळात कुंड सोवळ्यात असते. पाण्याचा तोल बसेपर्यंत कोणी उतरावयाचे नाही, कुत्र्यास जवळ येऊ द्यावयाचे नाही, चाकांचे सफाई यंत्र महिनाभर सोडावयाचे नाही आणि मिठापासून क्लोरीन बनविणारे यंत्र असेल तर मीठही तितकेच दिवस घालावयाचे नाही. एकाच व्यक्तीस कुंडाच्या सान्निध्याचा अधिकार असतो, आणि ती म्हणजे लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश घेऊन दिवसातून दोनदा भिंती व तळ घासणारा गडी; नव्या गिलाव्याची जी पांढरी भुकटी सुटते, ती त्याने हलवावयाची आणि वाळूच्या गाळणीने ओढून घ्यावयाची. गाळणी भरली की पाणी उलट्या दिशेने फिरवून ती धुतात, त्यास बॅकवॉश म्हणतात, आणि दर खेपेस शेकडो लिटर पाणी त्यात बाहेर जाते. हा गडी पुष्कळदा पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातून कामासाठी आलेला असतो. या तालुक्यांत पावसाळ्यात आकाश फाटते आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांना टँकर लागतो, तेथील बाया कोरड्या पडत आलेल्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. पाण्याचा तळ कसा घासावा याचे शिक्षण त्यास घरूनच मिळालेले असल्याने वेगळे प्रशिक्षण द्यावे लागत नाही.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. जलजीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण माणसास दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या मापाने एक कुंडभर पाणी पाच माणसांच्या कुटुंबास साडेआठ महिने आणि चाचणीचे पाणी धरले तर जवळपास दीड वर्ष पुरते. भरून झालेल्या कुंडाचीही तहान संपत नाही. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले तरी ५० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून ३०० लिटर जातात, म्हणजे सूर्यनारायण रोज एका पाड्यावरील कुटुंबाच्या वाट्याहून २५ लिटर अधिक पितात. सूर्यावर कपात लावण्याचा अधिकार कोणत्या विभागाचा, याविषयी शासननिर्णय उपलब्ध नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले होते, कारण मैदानांवरील पाणी दूरचित्रवाणीवर साऱ्या देशास दिसत होते. परसाला कुंपण असते, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

त्याच एप्रिलमध्ये रामकुंडही कोरडे पडले. ज्या कुंडात अस्थी विरघळतात अशी देशभरची श्रद्धा आहे, ते पाहावयास लोक पाण्याऐवजी तळाच्या काँक्रीटवर उभे राहिले, आणि हे काँक्रीट काढून खालचे जिवंत झरे मोकळे करावेत, या मागणीस त्यानंतर बळ आले. गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ मध्ये उच्च न्यायालयात दाखल झाली, नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने त्यावर उपाय सुचविले आहेत, आणि काठावर पाट्याही लागल्या आहेत. एवढ्या विद्वत्तेचा लाभ होऊनही नदीला जे मिळाले नाही ते परसातील कुंडास पहिल्या आठवड्यात मिळते: सकाळ-संध्याकाळ तपासणी, नोंदवही, आणि आकडा बिघडताच त्याच दिवशी उपाय करणारा माणूस. नदीला बिचारीला मालक नाही, फक्त भक्त आहेत.

खासगी कुंडाचे मालक सार्वजनिक जलप्रश्नांविषयी उदासीन असतात, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १५ ऑक्टोबर रोजी मराठवाड्यातील जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आले आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने तसा आदेश दिला. तेव्हापासून तुटीच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ‘नाशिकचे पाणी पळविले’ असा घोष उठतो, आणि त्यात बंगलेवाल्यांचा आवाज लहान नसतो. मराठवाड्याकडे जाणारे पाणी वाटेतच मुरते व उडून जाते, हा त्यांचा आक्षेप असतो, आणि बाष्पीभवनाविषयी ते अनुभवाने बोलत असतात.

राहता राहिला पोहण्याचा प्रश्न, जो या सर्व शास्त्रात आनुषंगिक मानला जातो. एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेस गुरुजींकडून जलपूजन करून भरलेले कुंड मे महिन्याच्या अखेरीस स्थिर होते, आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो. पावसाच्या पाण्याने क्षारता उतरते, क्लोरीन पातळ होते, वाऱ्याबरोबर आलेल्या मातीवर शेवाळ पोसले जाते, आणि महिनाभराची साधना दोन रात्रींत हिरवी पडते. ऑक्टोबरात पुन्हा रसायने घालून निळाई येते तोच थंडीची चाहूल लागते. निफाडचा पारा राज्यात नीचांक गाठतो अशा बातम्या येऊ लागतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि उघड्या पाण्यात उतरण्याचा विचार घरातील ज्येष्ठ मंडळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे ढकलतात. पाणी तापविणारे यंत्र घ्यावे, असे कंत्राटदार सुचवितो. दरम्यान उन्हाळी सुटी पुन्हा येते, मुलांना पोहता येत नाही हे लक्षात येते, आणि साडेचार फुटी कुंडाशी शिकविणारा कोणी नसल्याने त्यांची नावे महापालिकेच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावावरील सकाळच्या तुकडीत घातली जातात. अर्ज भरताना मालक खिडकीवरील कर्मचाऱ्यास येथील पाण्याचा सामू रोज कोण तपासतो, असे आवर्जून विचारतात.