जेट मोठा करणाऱ्या उस्तादांस खुले पत्र

श्रीयुत उस्ताद यांचे सेवेशी,


आमच्या काकांची कांदा वाहणारी जुनी महिंद्रा एफसी-१५० पिकअप आपल्या गॅरेजमधून ‘एकदम ओके’ होऊन आली, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मध्यंतरी कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचे काम नव्याने करायला गाडी उघडली आणि आपले उपकार एकेक करून हाताला लागले. इतकी सेवा बिलात न लिहिता करणारा माणूस विरळाच.

कार्ब्युरेटरचा जेट मोजूनमापून पाडलेला असतो. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, असा तो हिशेब. आपल्या दिलदार स्वभावाला ही कंजुषी कशी मानवणार? आपण भोकात तार फिरवून ते ऐसपैस करून दिलेत. मग गाडी काळा धूर ओकू लागली, प्लग काजळीने माखले आणि कांद्याचे पैसे पंपावर जाऊ लागले. ‘जुनी गाडी आहे, पिणारच’ असे आपण म्हणालात आणि काकांनी ते वेदवाक्य मानले. आपल्या शब्दाला आमच्या घरी एवढा मान होता, हे आपल्या कानावर घालावेसे वाटले.

फ्लोटच्या झाकणाखाली कागदी गॅस्केट बसवण्याचा जुनाट रिवाजही आपण मोडलात. तिथे सिलिकॉन भरलेत. ते पेट्रोलने फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे आत जातात. आम्हाला ते तळाशी सापडले. कडेने पेट्रोल पाझरायला लागल्यावर आपण वरून साबण थापलात. कपड्याचा, पिवळा. तो वाळून दगड झाला होता आणि त्यावर आपल्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. सही करायला विसरलात असे आता कोण म्हणेल? जवळच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला असतो, एवढेच आपल्या ध्यानातून गेले.

टॅपेटवर घेतलेल्या मेहनतीचे कौतुक करावे तेवढे थोडे. या गाडीच्या हरिकेन इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे बाजूला ब्लॉकमध्ये असतात. एक्झॉस्टच्या टॅपेटपर्यंत पोचायला बाजूचे झाकण काढून, अंग वाकडे करून काम करावे लागते. आपण ते केलेत. इंजिन टकटक वाजते म्हणून सगळे टॅपेट आवळून टाकलेत. आवाज मात्र फुटलेल्या मॅनिफोल्डमधून येत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! टॅपेटला फटच न राहिल्याने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट मिटेना, तो जळाला. त्याचाही खर्च आम्ही आनंदाने केला.

आणि तो मॅनिफोल्ड! त्याचा एक स्टड तुटून ब्लॉकमध्येच राहिलेला. बिडाला गेलेली चीर आपण साध्या रॉडने वेल्डिंग करून बुजवलीत. बीड आधी तापवावे लागते, निकेलचा रॉड वापरावा लागतो आणि मग ते सावकाश निवू द्यावे लागते. आपल्याला घाई होती. वेल्डिंगच्या शेजारूनच नवी चीर गेली. तिच्यावर डब्याचा पत्रा, पत्र्यावर दोरी, दोरीवर तार. बाहेरून बघणाऱ्याला काम भक्कम वाटावे, याची काळजी आपण मनापासून घेतलीत.

उस्ताद, या गाडीला पुढे बॉनेट नाही. महिंद्राने १९६५ साली ही पिकअप आणली तेव्हापासून तिची केबिन इंजिनावरच आहे. चालवणाऱ्याच्या मांडीशेजारी जे झाकण असते, त्याच्याखाली इंजिन. मॅनिफोल्ड गळला की धूर थेट केबिनमध्ये. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात आपण मिश्रण जास्त पेट्रोलचे करून ठेवलेले, म्हणजे तो तयारही जास्त होणार.

काका ओतूरहून माल घेऊन माळशेज घाट उतरतात. पावसाळ्यात काचा बंद असतात. डोके दुखायचे, मळमळायचे, कल्याण येईपर्यंत डोळे मिटू लागायचे. ते म्हणायचे, ‘वय झालं आता.’ आम्हीही मान डोलवत होतो. उस्ताद, त्यांचे वय झाले नव्हते. आपण त्यांना विष हुंगायला बसवले होते, आणि वर त्याची मजुरी घेतली होती.

आता कार्ब्युरेटर बदलला आहे. मॅनिफोल्ड, गॅस्केट, पुढचा पाइप आणि सायलेन्सरही नवे बसवले. अडकलेला स्टड लेथवाल्याने तापवून, त्याच्यावर नट वेल्ड करून अलगद फिरवून काढला. इंजिनावरच्या झाकणाचे रबरही नवे घातले. काका परवा कल्याणला जाऊन आले. डोके दुखले नाही.

मजुरी परत मागत नाही. पायावर डोके ठेवून एकच मागणे आहे. अशी पत्रा-दोरी बांधून आपण आणखी कोणाकोणाच्या गाड्या रस्त्यावर सोडल्यात, ते आठवा. त्या मालकांना आजच फोन करा आणि मॅनिफोल्ड बदलून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका म्हणून सांगा.

कळावे,
आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा पुतण्या