सोडायला आलेले वडील

कॅप राउंडच्या याद्या लागल्या, कॉलेजात फी भरली गेली, की दोन-चार दिवसांत आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी गाड्या लागायला लागतात. गाडीतून आधी उतरते गादी. गादीमागून बादली, बादलीत मग, मगात चिमटे आणि नायलॉनची दोरी. मग डबे सांभाळत आई. मग मोबाइलवर शूटिंग करत धाकटी बहीण. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातलाय तो विद्यार्थी सगळ्यांत शेवटी, या लोकांशी आपला फारसा परिचय नाही अशा चेहऱ्याने. आणि या सगळ्यांच्या आधी, गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारून, माझ्या खिडकीशी येऊन उभे राहतात ते वडील. बगलेत प्लॅस्टिकची फाईल, खिशाला दोन पेनं. पहिला प्रश्न ठरलेला : "रेक्टर साहेब कुठं भेटतील?"

मीच रेक्टर म्हटल्यावर ते मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात. पोटचा पोरगा चार वर्षं ज्याच्या हवाली करायचा, तो माणूस इतका किरकोळ निघेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहावर मी बरीच वर्षं आहे. रेक्टरचं काम म्हणजे मुलं सांभाळणं, असा लोकांचा समज असतो. मुलांना काही सांभाळावं लागत नाही. ती रात्री जागतात, दिवसा झोपतात, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात भेटतात आणि पास होतात. सांभाळावं लागतं सोडायला आलेल्या वडिलांना.

सुरुवात फाईलपासून. मला लागतात तीनच गोष्टी : अलॉटमेंटचा कागद, फीची पावती आणि दोन फोटो. बाकी सगळं कॉलेजात जमा झालेलं असतं. पण उघडलेली फाईल शेवटच्या पानापर्यंत दाखवल्याशिवाय वडिलांना चैन पडत नाही. डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. "व्हॅलिडिटी बघा ना, साहेब." साहेबांना व्हॅलिडिटीचं काही करायचं नसतं. पण त्या एका कागदासाठी या माणसाने आजोबांचं नाव शोधत कुठल्या तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतली जुनी रजिस्टरं धुंडाळलेली असतात, जात पडताळणी समितीच्या ऑफिसात बाकावर दिवस काढलेले असतात. तो कागद एकदा तरी कुणी नीट बघावा, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मी बघतो. शिक्का चांगला उठलाय, असंही म्हणतो. तेवढ्याने खूश होतात.

मग रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे ते विद्यार्थ्याने तर द्यायचंच, पालकानेही वेगळं द्यायचं. वडील ते मोठ्याने वाचतात. आपल्या मुलाला कुणी त्रास दिला तर काय, हे त्यांना हवं असतं. पण कागदावर असतं ते आपला मुलगा कुणाला त्रास देणार नाही, याची हमी. ते चष्म्यावरून मुलाकडे बघतात. भाजीवाल्याकडे वरची कोथिंबीर मागायला लाजणारं हे पोर कुणाचं रॅगिंग करेल, अशी शंका सरकारला आली याचा त्यांना राग येत नाही. थोडा अभिमानच वाटतो. सही ठसठशीत करतात.

खरा माणूस कळतो तो रूमवर. गेल्या वर्षीचं सांगतो. तळमजल्यावरच्या एका दोघांच्या रूमला एक मुलगा बार्शीचा आला, दुसरा चिपळूणचा. दोन्ही वडील एकाच वेळी न्हाणीघरात शिरले आणि दोघांनी एकच नळ उघडला. बार्शीच्यांनी मला विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतंय ओ इथं?" रोज येतं म्हटल्यावर त्यांनी नळाकडे संशयाने पाहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला रोज पाणी येणारा नळ म्हणजे काही तरी घोटाळा वाटतो. त्यांनी धार किती येते ते बघायला बादली लावली, मनगटावरच्या घड्याळात किती वेळात भरते ते मोजलं आणि भरलेली बादली तशीच ठेवली. ओतू दिली नाही.

चिपळूणच्यांची चिंता उलटी होती. "नदी इथून किती लांब हो?" मी अंदाजाने सांगितलं. "आणि ही रूम तळमजल्यावर." ते खिडकीतून बाहेर जमिनीचा उतार बघत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, तेव्हापासून या गृहस्थांनी कुठल्याही इमारतीत शिरताना आधी जिना कुठे आहे ते बघायची सवय लावून घेतलेली. "पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं इथे?" मी म्हटलं, "ते १९६१ साली. तेव्हा ही इमारतच नव्हती." "म्हणजे अंदाज नाही," ते म्हणाले आणि मुलाची बॅग उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

एकाला पाणी येणार नाही याची भीती, दुसऱ्याला ते येईल याची. दोघांनी एकमेकांचं म्हणणं ऐकून घेतलं. ओळख तिथे झाली.

पुढचा प्रश्न खाटांचा. लोखंडी खाट ही सोडायला आलेल्या वडिलांच्या दृष्टीने फर्निचर नसून आरोपी असते. आधी तिला हलवून बघतात. मग मोबाइलचा टॉर्च लावून पट्ट्यांच्या सांध्यांत ढेकूण शोधतात. सापडला नाही तर जरासे नाराज होतात. मग स्वतः तिच्यावर आडवे होतात, बूट काढून, हात पोटावर घेऊन, आणि पंख्याकडे बघत राहतात. अशा वेळी पुष्कळदा त्यांना झोपही लागते. पहाटे चारला घर सोडलेलं असतं.

आमच्या रूममध्ये खाटा दक्षिणोत्तरच बसतात. दक्षिणेला पाय नकोत यावर बार्शी आणि चिपळूण यांचं तत्काळ एकमत झालं. दोघांनी मिळून उशा दक्षिणेच्या भिंतीला लावल्या, चादरी घातल्या, दोन्ही आयांनी वर पलंगपोसही घातले. आता अडचण एवढीच, की प्लग पॉइंट उत्तरेच्या भिंतीला आहे आणि चार्जरची वायर हातभर. वडिलांच्या गाड्या फाटकाबाहेर पडेपर्यंत उशा उत्तरेला गेलेल्या असतात. तेव्हापासून या वसतिगृहातली एकूण एक मुलं यमाच्या दिशेला पाय करून झोपतात. चार्जिंग मात्र पूर्ण असतं.

मग कुलूप. कुलूप वडील गावाहूनच आणतात, कारण पुण्यात काय मिळणार? त्याला तीन किल्ल्या असतात. एक मुलाला. दुसरी मला देऊ करतात. मी नियम दाखवतो, ती परत खिशात जाते. तिसरी त्यांच्याच जानव्याला, करगोट्याला किंवा गाडीच्या किल्लीला अडकून गावी जाते. "हरवली तर असू द्या." मुलाने किल्ली हरवली, तर बार्शीहून दोनशे किलोमीटर येऊन ते कुलूप उघडणार आहेत. मुलं किल्ली दुसऱ्या आठवड्यात हरवतात आणि शिपाई हातोडीने कुलूप तोडतो. तरी ती तिसरी किल्ली गावाकडे खुंटीला लटकत असते, पुण्यात कुलूपच उरलेलं नाही याचा पत्ता नसताना.

मेसच्या डिपॉझिटचा आकडा सांगितला की इतिहास सुरू होतो. बार्शीचे स्वतः रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, गावोगाव हिंडून पोरं गोळा करून आणली, आणि पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडून त्यांना जेवू घातलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. हे सगळं खरं आहे आणि सांगताना त्यांचा आवाज खरोखरच भरून येतो. पण त्याच आवाजात पुढचं वाक्य येतं, "तर ते डिपॉझिट दोन हप्त्यांत चालंल का?" कोल्हापूरचे असतील तर आणखी वरून सुरुवात होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांची जननी, आणि तुमच्या पुण्यात आंघोळीच्या गरम पाण्याचेसुद्धा वेगळे पैसे! कर्मवीर आणि महाराज एकाच दुपारी माझ्या टेबलावर आले की मी हप्ते करून देतो. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रापुढे पावतीपुस्तक घेऊन बसणं कठीण जातं.

जाता जाता सांगतो, पलीकडे मुलींचं वसतिगृह आहे. तिथे वडिलांना ऑफिसच्या पुढे सोडत नाहीत. म्हणून तपासणी टळते असं नाही. वडील फाटकाबाहेर चिंचेखाली उभे असतात आणि व्हिडिओ कॉलवर "तो नळ दाखव… अजून खाली… आता खिडकीची कडी लाव" असं चाललेलं असतं. मुलांचे वडील मला कधीही विचारत नाहीत की फाटक किती वाजता बंद होतं. मुलींचे विचारतात, आणि वेळ सांगितली की म्हणतात, "थोडं लवकर नाही का करता येणार?" त्यांच्या मुलीला जेईईत किती पर्सेंटाइल होते ते मात्र सगळ्या फाटकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतात.

आयांचं सगळं दहा मिनिटांत आटोपतं. खिडकीची पट्टी पुसायची, डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, "ताई, तुमच्याकडे शेंगदाण्याची चटणी फार चांगली असते म्हणे," एवढ्यात दोन घरांची माहिती इकडून तिकडे होते. वडिलांना वेळ लागतो. ते निघाले म्हणतात आणि परत येतात. एकदा वॉचमनला मुलाचं नाव सांगायला, एकदा रात्री दिवे किती वाजता बंद करता ते विचारायला, एकदा नुसतेच. मधल्या वेळात मेसच्या आचाऱ्याचं गाव काढलेलं असतं, समोरच्या चहावाल्याचे आणि त्यांचे कुणी तरी साडू एकाच गावचे निघालेले असतात. संध्याकाळपर्यंत वडील वसतिगृहात जितक्या लोकांना ओळखतात, तितके मुलाला डिग्री मिळेपर्यंत ओळखता येत नाहीत. मुलगा तोवर खाटेवर बसून घरच्यांना निरोप कधी द्यायला मिळतो याची वाट बघत असतो.

बार्शीचे आणि चिपळूणचे त्या दिवशी चहावाल्याकडे भेटले आणि जोडी जमली. "काय पाव्हणं" आणि "काय हो बार्शीवाले" असं सुरू झालं. दिवाळीच्या आधी माझ्या ऑफिसात एसटीच्या पार्सलने मालदांडी ज्वारीचं एक पोतं येऊन पडलं. ते माझ्यासाठी नव्हतं. चिपळूणहून कुणी मुलाला भेटायला येईल, त्याच्याबरोबर पुढे द्यायचं होतं. उलट्या दिशेने काजूगर, आमसुलं आणि फणसपोळी बार्शीला रवाना झाली. दोघांचं बोलणं रोज रात्री फोनवर. उजनीत पाणी किती टक्के आणि वाशिष्ठी किती मीटरवर, याची देवाणघेवाण.

मुलांचं मात्र पहिल्या महिन्यातच बिनसलं होतं. एकाला दिवा लावून अभ्यास करायचा, दुसऱ्याला दिवा घालवून मोबाइल बघायचा. भांडण शेवटी त्या उत्तरेच्या प्लग पॉइंटवर येऊन ठेपलं, कारण तो एकच आहे. जमिनीवर खडूने रेघ मारून झाली. मेमध्ये दुसऱ्या वर्षाच्या रूमचे अर्ज सुटले तेव्हा दोघांनी पहिल्या दिवशीच अर्ज दिले, एकमेकांना न विचारता, शब्दन् शब्द सारखे : रूम पार्टनर बदलून मिळावा.

तीन दिवसांनी टपालाने तिसरा अर्ज आला. रेघांच्या कागदावर, खाली दोन सह्या, बार्शी आणि चिपळूण. विषय : रूम न बदलणेबाबत. "मा. रेक्टर साहेब, आमच्या पाल्यांचे आपसांत पटत नाही हे आम्हांस मान्य आहे. तथापि आमचे उत्तम जमले आहे. डिसेंबरात बार्शीस आमच्या पुतणीचे लग्न असून चिपळूणकर मंडळी सहकुटुंब येणार आहेत. अशा परिस्थितीत मुलांनी वेगळे होणे बरे दिसत नाही. तरी कृपया पुनर्विचार व्हावा. ते शक्य नसल्यास मुलांना आपल्या सोयीने कुठल्याही रूम द्याव्यात, आमची हरकत नाही. फक्त जुलैत सोडायला यायची तारीख आम्हां दोघांना एकच मिळावी, ही नम्र विनंती."