फ्रँचायझी देणे आहे

पूर्वी आमच्याकडे स्थळ आलं की जमीन किती, बागायती का कोरडवाहू आणि पोरगा कुठं चिकटलाय का, एवढंच विचारायचे. गेल्या काही वर्षांत चिकटण्याला एक नवीन उत्तर आलं आहे. 'फ्रँचायझी घेतलीय.' कशाची, ते कोणी विचारत नाही. मुलीचा बाप पेट्रोल पंपाचं नाव ऐकल्यासारखी मान हलवतो आणि पोह्यांची दुसरी बशी मागवतो.

माझ्या भाच्यानंही घेतली. नांदेडात, चहाची. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा आला होता, आणि मावेज्याला घरात पडून राहायची सवय नसते. त्याचा आधी स्कॉर्पिओ घ्यायचा विचार होता, तो ताईनं हाणून पाडला. स्कॉर्पिओ दारात उभी राहते, दिसते, तिला नाही म्हणता येतं. फ्रँचायझी म्हणजे बेचाळीस पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट. त्याला नाही म्हणायचं तर आधी वाचावं लागतं.

चूक त्याची एकट्याची नाही. 2018 मध्ये पुण्यातला एक चहावाला महिन्याला बारा लाख कमावतो अशी बातमी फिरली आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या बेरोजगारांना आपण आजवर चहा नुसता पीत होतो याची लाज वाटली. मग चहाच्या ब्रँडांचं पीक आलं. अमृत, प्रेम, गूळ, राजा, महाराज. भाच्याचा ब्रँड त्या पिकातलाच एक, नाव सांगत नाही. ब्रँडचं मूळ दुकान किती वर्षांचं आहे असं मी त्याला विचारलं होतं. "मामा, तुमी बी ना. चाळीस शहरात हैत ते," म्हणाला. दुकान किती जुनं या प्रश्नाला दुकानं किती हे उत्तर, तिथंच मला कळायला हवं होतं. पण नऊ लाख भरून झाले होते आणि उद्घाटनाच्या रिबिनीची कात्री मलाच धरायची होती.

दुकान देखणं झालं. मातीचे कप, पिवळा उजेड, भिंतीवर मिशीवाला माणूस. चहाची पूड कंपनीची, मसाल्याची पुडी कंपनीची, कप, टिश्यू आणि पोरांचे टी-शर्टही कंपनीचे. खारी ठेवायची नाही, क्रीमरोल ठेवायचा नाही, कारण ते 'मेन्यूत बसत नाही'. चहा किती उकळायचा तेही ठरलेलं. टायमर वाजला की भांडं खाली. आता नांदेडचं गिऱ्हाईक टायमरला विचारून चहा पीत नाही. एक येतो, "कडक कर, साखर कमी," म्हणतो. दुसऱ्याला कटिंग पाहिजे. तिसरा चाळीस वर्षं उधारीवर चहा प्यायलेला असतो आणि मशीनमधून निघणाऱ्या बिलाकडे समन्स आल्यासारखं बघतो. मे महिन्यात वीज गेली की टायमरही बंद, आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र 'गुड मॉर्निंग फ्रँचायझी फॅमिली'.

सहाव्या महिन्यात भाचा वही घेऊन आला. ते गणित इथं देतो, कारण कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत ते नव्हतं. दिवसाला 400 कप, कपाला 10 रुपये. महिन्याचे 1,20,000. दूध, साखर आणि कंपनीचा माल मिळून 60,000. भाडं 22,000. दोन पोरांचा पगार 24,000. लाईट आणि गॅस 5,000. रॉयल्टी पाच टक्के, म्हणजे 6,000, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,080. हा जीएसटी परत मिळायला स्वतःची नोंदणी लागते. भाच्याची वर्षाची विक्री 20 लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नाही, म्हणून तो पैसा गेला तो गेलाच. उरले 1,920 रुपये. यात मामाचा फुकट चहा धरलेला नाही.

या वहीत एक ओळ नीट बघा. रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. भाच्याला 1,920 उरोत की चार हजारांचा खड्डा पडो, कंपनीला सहा हजार वेळेवर पोचतात. आमच्याकडं बटाईनं शेत करणारा माणूस सुद्धा पीक बुडालं तर मालकासमोर हात वर करतो. इथं हात वर करायची सोय नाही, एकविसाव्या पानावर तसं लिहिलेलं आहे.

एवढं सगळं होतं तर कायदा कुठं असतो? आपल्याकडे फ्रँचायझीचा म्हणून वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि 1999 चा ट्रेडमार्क कायदा, यांच्या मधल्या बोळातून सगळी वरात जाते. अमेरिकेत सही करण्याआधी किमान चौदा दिवस सगळी माहिती हातात द्यावी लागते, त्यात किती दुकानं बंद पडली तेही. चीननं तर 2007 पासून नियमच घातलाय की आधी स्वतःची दोन दुकानं वर्षाच्या वर चालवून दाखवा, मग दुसऱ्याला विका. आपल्याकडे गुढीपाडव्याला दुकान उघडतं आणि अक्षय तृतीयेला त्याच दुकानावर फ्लेक्स लागतो, फ्रँचायझी देणे आहे. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एकट्या माणसाला 4,500 रुपये. तेवढ्यात मिशीवाला आपला.

आता गंमत अशी की, आमच्या भागातून खरोखर बाहेर गेलेला आणि चाललेला मोठा माल वेगळाच आहे, आणि त्याच्या नावावर रॉयल्टीचा एक पैसा कोणी घेतलेला नाही. लातूर पॅटर्न. 1970 साली निघालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय, त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे, जादा तास, परीक्षांवर परीक्षा, तपासलेले पेपर लगोलग पोरांच्या हातात. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली तशी राज्यातली माणसं लातूरला बघायला यायला लागली, आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जातात तशी, फरक एवढाच की इथं सफरचंदं न आणता वह्या आणल्या आणि उतरवून नेलं. कोणी अडवलं नाही. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, तर त्याचे पहिले कुलगुरू वाघमारेच. आमच्या भागातला हा बहुधा एकमेव विस्तार, ज्यात पाटीबरोबर मूळ माणूसही पाठवला.

पुढं क्लासवाल्यांनी पॅटर्न उचलला. नांदेडची आयआयबी लातुरात आली, कोट्याचे आणि दिल्लीचे बडे ब्रँडही दोन्हीकडे उतरले. लातूरच्या उद्योग भवन परिसरात उद्योग कोणता चालतो हे विचारायची आता गरज नाही, सगळीकडं नीटच्या रँका टांगलेल्या आहेत. एकाच पोराचा फोटो तीन फ्लेक्सवर तीन वेगळ्या टी-शर्टांत हसताना बघायचा असेल तर निकालानंतरच्या आठवड्यात या.

पण क्लासची शाखा काढणं चहाच्या शाखेपेक्षा अवघड. कारण पालक क्लास लावत नाहीत, 'सर' लावतात. मग कोणत्याही शाखेचं एकच दुखणं, मोठे सर किती वेळा येणार. ॲडमिशनच्या काउंटरवर सांगतात, आठवड्याला येतात. दिवाळीपर्यंत महिन्याला होतं. संक्रांतीनंतर मोठे सर भिंतीवरच्या टीव्हीत येतात आणि पोरं त्यांना म्यूट करून डबा खातात. जे दाराशी उभं राहून मागच्या बाकावरचा कोण आला नाही हे सातच्या बॅचला हजेरी न घेता ओळखायचं, ते शाखेच्या सामानाच्या यादीत लिहिताच येत नाही. यादीत बाक येतात, एसी येतो, ओएमआर मशीन येतं. जानेवारी 2025 मध्ये उत्तरेत एका बड्या क्लासच्या केंद्रांना कुलपं लागली, तेव्हा पाट्या जागेवरच होत्या. पगार थकले म्हणून मास्तर तेवढे निघून गेले होते.

आणि निलंगा राईस? ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी, तो तिखट भात, हातगाडीवरचा, सकाळी पोट भरून घामाघूम करणारा, वर कांदा, लिंबू. निलंग्यातून लातूरला आला, लातूरहून पोरांच्या मागं पुण्याला गेला. पुण्यात हॉस्टेलच्या वळणावर पाटी दिसली की आपला माणूस गाडीवरून उतरतोच. ही कोणाची फ्रँचायझी? कोणाचीच नाही. ना डिपॉझिट, ना टायमर. एखाद्या गाडीवर दोन पावसाळे ताटल्या विसळायच्या, तिखट किती आणि कधी पडतं ते बघून घ्यायचं, आणि मग मालकाच्या पाया पडून दुसऱ्या चौकात, शक्यतो दुसऱ्या शहरात, गाडी लावायची. एवढंच ॲग्रीमेंट. सगळ्याच गाड्यांवर तो चांगला मिळतो असं नाही, काही ठिकाणी निलंग्याचं नाक कापलेलं आहे. पण भात बिघडला तर तुम्ही त्या गाडीवाल्याला शिव्या देता, निलंग्याला नाही. आता याच निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे नाव गावाचं, आणि तिथल्या सगळ्या नोंदणीकृत शेतकऱ्यांचं. अशा कागदाला नऊ लाख लागत नाहीत, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

भाच्याचं काय झालं? अकराव्या महिन्यात कंपनीनं सहाशे मीटरवर दुसऱ्याला दुकान दिलं. ॲग्रीमेंटमध्ये 'तुमचा भाग राखीव' असं होतं, त्याच्यापुढं 'कंपनीला योग्य वाटेल तोवर' असंही होतं. त्यानं बोर्ड उतरवला. मिशीवाला गेला, पितळी पातेलं आलं, खारी आली, क्रीमरोल आला. चहा ताईच्या अंदाजानं, टायमर नाही. आता वहीत महिन्याला अठरा-वीस हजार उरायला लागले. कंपनीची नोटीस आली की करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही. लातूरच्या वकिलानं ती वाचली, करार कायद्याचं कलम 27 दाखवलं, म्हणाला, माणसाला धंद्यापासून रोखणारी अशी अट कोर्टात टिकणं कठीण, तू उकळ चहा. फी म्हणून दोन कप घेतले.

परवा नांदेडला गेलो होतो. दुकानात गर्दी होती. भाचा गल्ल्यावर नव्हता, आत माळ्यावर चढून खोकी उचकत होता.

"काय शोधूलालास रे?"

"ते ॲग्रीमेंट, मामा. देगलूरचा एकजण आलता. आपलं दुकान पायजे म्हनतो. चार लाख द्यायला तयार हाय."

"चार महिने झाले दुकानाला. आणि ते अजून ठेवलंयस? मला वाटलं फाडलं असशील."

"फाडतोय कशाला? सगळं चांगलं लिवलंय त्यात. निस्तं नाव बदलायचं." मग बेचाळीस पानं झटकत म्हणाला, "ते रॉयल्टीचं पान कितवं होतं वो?"