एरियलधारी गृहस्थ

उज्जैनच्या मराठी समाजाकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिल्यास पुरोहित, प्राध्यापक, ज्योतिषी आणि निवृत्त बँक अधिकारी हे वर्ग चटकन ओळखू येतात. एरियलधारी गृहस्थांचा वर्ग मात्र आजवर दुर्लक्षित राहिला आहे, आणि याचे कारण त्याची संख्या अल्प आहे हे जितके, तितकेच हेही की या वर्गाचा सभासद बहुतेक वेळ गाडीच्या मडगार्डखाली डोके घालून असल्यामुळे त्याचा चेहरा फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. एरियल म्हणजे जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकावरील पत्र्याला, अर्थात मडगार्डला, भोक पाडून उभा बसविलेला, एकात एक सरकणाऱ्या चकचकीत नळ्यांचा दांडा. हवेतील रेडिओलहरी पकडून तारेवाटे डॅशबोर्डातील रेडिओपर्यंत पोहोचविणे हे त्याचे शास्त्रोक्त काम होय. सामाजिक काम वेगळे आहे. मंत्र्यांच्या अँबॅसडर गाडीवर जो मान ध्वजदंडाला मिळत असे, तोच आपल्या प्रीमिअर पद्मिनीवर या दांड्याला मिळावा, अशी गृहस्थांची रास्त अपेक्षा असते.

या वर्गाचे मूळ समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे हलविली, तेव्हा दरबार गेला, फौज गेली, परंतु काही मराठी घराणी येथेच राहिली. आणि सारे निघून गेल्यावरही जे आहे ते धरून बसण्याची जी वृत्ती त्यांनी त्या वेळी दाखविली, ती त्यांच्या वंशजांत आजही निष्ठेने जपलेली दिसते. फ्रीगंजमध्ये टॉवरच्या आसपासच्या एखाद्या जुन्या बंगलीत, ताडपत्रीखाली, मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात घडलेली पद्मिनी उभी असते. ती गाडी वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेली असल्यामुळे विकण्याचा विषय घरात निघत नाही, आणि चालविण्याचाही फारसा निघत नाही.

रेडिओशी या गृहस्थांचे नाते कौटुंबिक मतभेदांतून जन्मलेले असते. माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर तो थोडाफार परत आला. केसकर मराठी होते आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी होते, म्हणून उज्जैनच्या मराठी घरांत वडीलमंडळी त्यांची बाजू हिरिरीने मांडीत, आणि त्याच घरांतील मुले शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन सिलोन ऐकत. अशा मुलाने पुढे नोकरीस लागून गाडी घेतली, तर तीत रेडिओ बसविणे हे त्याच्या दृष्टीने घरातील एकमेव स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापन करण्यासारखे होते, आणि एरियल हा त्या प्रजासत्ताकाचा झेंडा होता. त्या काळी रेडिओसाठी वार्षिक परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ते जुने परवानापुस्तक गृहस्थ आजही गाडीच्या कागदपत्रांसोबत बाळगतात आणि वाहतूक पोलिसाने न मागताच दाखवितात.

एरियल तुटणे ही घटना अपरिहार्य आहे. पटनी बाजाराच्या गल्लीत अंग खाजविण्यास उत्सुक असलेला बैल, पतंगाचा मांजा सोडविणारी मुले, ताडपत्री घाईने ओढणारा नातू, यांपैकी कोणीही ते काम पार पाडतो. यानंतर गृहस्थांचे जे वर्तन सुरू होते, तेच त्यांच्या वर्गाचे खरे लक्षण होय. उज्जैनच्या दुकानांत मिळणारा रबराचा आखूड, वाकडा अँटेना त्यांना चालत नाही, कारण तो छपरावर बसतो आणि छपरावर टॅक्सीचे दिवे लावतात, असे त्यांचे म्हणणे असते. मग इंदूर होते, तेथे जमले नाही तर मुंबईस राहणाऱ्या भाच्याला चोरबाजारात पाठविले जाते. भाच्याने फोनवरून छायाचित्र पाठविले की गृहस्थ ते मोठे करून नळ्या मोजतात आणि कळवितात, "हा चार नळ्यांचा आहे, आपला पाच नळ्यांचा होता." भाचा बिचारा लॅमिंग्टन रोडकडे वळतो.

येथे थोडे भौतिकशास्त्र सांगणे भाग आहे, कारण गृहस्थ ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि निम्मे चुकीचे सांगतात. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवर त्याची कंप्रता ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४६३ मीटर. उभा दांडा तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असला तर तो लहर उत्तम पकडतो, असा नियम आहे. त्या हिशेबाने पद्मिनीच्या मडगार्डवर सुमारे ११५ मीटर उंचीचा दांडा हवा, आणि कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. म्हणजे चार नळ्या की पाच नळ्या या वादाने मध्यम लहरींवर फारसे काही बिघडत वा सुधारत नाही. मीटरभर दांडा लहरीचा अगदी क्षीण अंश उचलतो, आणि रेडिओत ट्रिमर नावाचा एक छोटा स्क्रू असतो, जो नव्या दांड्याशी व त्याच्या तारेशी रेडिओचा मेळ घालतो. एखादे क्षीण स्टेशन लावून हा स्क्रू हळूहळू फिरवीत आवाज सर्वांत मोठा होईल तेथे थांबावे, एवढीच रीत आहे. गृहस्थ थांबत नाहीत.

खरा दोष बहुधा दांड्यात नसतोच. एरियलचा तळ मडगार्डच्या आतील उघड्या पत्र्याला घट्ट भिडला पाहिजे, तरच तारेवरील धातूचे जाळीदार आवरण गाडीच्या सांगाड्याशी जोडले जाते. मेकॅनिक यालाच अर्थ मिळणे म्हणतात. पुढचे चाक पावसाळाभर जो चिखल उडविते तो नेमका त्याच जागी थापला जातो, पत्रा गंजतो, अर्थ सुटतो, आणि मग इंजिनच्या ठिणग्यांची खरखर थेट बातम्यांत मिसळते, इंजिनाचा वेग वाढला की तीही वाढते. उपाय साधा आहे: नट सैल करून, चिखल काढून, वायसरखालचा गंज सँडपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासणे. हे काम अर्ध्या तासाचे, बिनखर्चाचे आणि पूर्णपणे अदृश्य असल्यामुळे गृहस्थांना त्यात रस नसतो. देवास गेटकडचा मेकॅनिक खाली वाकून "काकासाब, रॉड ठीक है, अर्थ नहीं मिल रहा" असे एका वाक्यात निदान करतो, तेव्हा ते त्याला मालव्यातील कारागिरीच्या अधोगतीवर छोटेसे व्याख्यान देतात आणि नवा रॉडच बसवून घेतात.

याबाबतीत शहराचाही थोडा दोष मानावा लागेल. उज्जैनला उभ्या दांड्यांचा आदर फार जुना आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविलेल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, म्हणजे गोल ओट्याच्या मध्यभागी रोवलेला सरळ काटा, ज्याच्या सावलीवरून सूर्याची गती मोजतात. जेथे एका काट्याच्या सावलीवरून आकाशाचा हिशेब लागतो, तेथे एका दांड्यावरून माणसाची पत मोजली गेली तर आश्चर्य नाही. गुढीपाडव्याच्या सकाळी गृहस्थ एरियल पूर्ण ताणून त्याला साखरेची गाठी बांधतात. दुपारपर्यंत मुंग्या रांग लावतात.

नवा रॉड बसल्यावर शेजारपाजारच्यांना पोहे-जिलेबी खाण्यास बोलाविले जाते. गृहस्थ रेडिओचे बटण फिरवितात, खरखर येते, ते समाधानाने म्हणतात, "इंदूर लागलं." नातू तेच गाणे खिशातल्या फोनवर लावून दाखवितो, त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. काकू ओट्यावरून इतकेच विचारतात, "अहो, दांडा छान आहे, पण नवी बॅटरी कधी आणणार? गाडी धक्का मारूनच फाटकात आणली ना?" हा प्रश्न तांत्रिक नसल्याचे सांगून चर्चा मिटविली जाते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आणि असे गृहस्थ दोन्ही असतील, त्यांनी नवा रॉड मागविण्यापूर्वी एखाद्या दुपारी, ते झोपलेले असताना, मडगार्डच्या आतील बोटभर जागा सँडपेपरने घासून नट घट्ट करून ठेवावा. खरखर थांबेल. भाच्याला मात्र चोरबाजारात जाऊ द्यावे, आणि सुधारणेचे श्रेय पाचव्या नळीला द्यावे.