गुरुस्कंधसामीप्यमीमांसा

छायाचित्रण कार्यशाळेत शिष्य कोठे बसतो, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. लेन्स कोणती घ्यावी यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. सरांच्या खांद्यामागे जी वीतभर जागा असते, तिच्यावर साधे टिपण नाही. ती उणीव येथे भरून काढली आहे.

अभ्यासक्षेत्र भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग पुण्या-मुंबईच्या कार्यशाळा. उजाडताना सर नावेत उजवीकडे बसतात, हे पहिले प्रमेय. सहाही शिष्य उजवीकडेच बसायला धावतात, हे दुसरे. नाव उजवीकडे कलते, हे सिद्ध करावे लागत नाही, नावाडी ओरडतोच.

पूर्वपक्ष असा : सरांना जे दिसते ते त्या जागेवरून दिसते, म्हणून जागेशी जितकी सलगी तितकी दृष्टी अधिक. याचे खंडन गणिताने होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिमीची लेन्स आडवी जेमतेम साडेतीन अंश पाहते. रोहित 50 मीटरवर असेल, तर फूटभर सरकल्याने त्याच्याकडे पाहण्याचा कोन एक तृतीयांश अंशाने बदलतो. अर्थात खांद्यामागून मिळतो तो सरांचाच फोटो. फार तर कडेला सरांचा कान. तेच नावेच्या दुसऱ्या टोकाला, तीन मीटरवर गेले, की कोन साडेतीन अंशांनी फिरतो. पक्ष्यामागचे झुडूप, परकी नाव, विजेचा खांब, सगळेच जागा बदलतात. तरी तिकडे कोणी आपणहून जात नाही. श्रद्धेला भूमिती चालत नाही.

आता उपप्रश्न : “सर, सेटिंग काय?” सर सांगतात, 1/2000, एफ 5.6, आयएसओ 400. पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. निरोप सहाव्यापर्यंत पोहोचेतो सूर्यावर ढग येतो, उजेड पाव होतो, सर बोलता बोलता दोन स्टॉप वाढवून मोकळे होतात आणि सहाव्याच्या कॅमेऱ्यात रोहिताचा कावळा होतो. ज्ञानाचा वेग प्रकाशाहून कमी असतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

संध्याकाळी लॅपटॉपवर परीक्षण होते. एकच रोहित, एकच पाय वर, पाच वेळा. सर चष्मा पुसतात आणि विचारतात, “यातला कुणाचा कोणता?” हा प्रश्न नम्रतेने अनुत्तरित ठेवण्याचा प्रघात आहे. सहावा फोटो एका दंतवैद्य बाईंचा. दाटीत जागा न मिळाल्याने त्या नावाड्याशेजारी बसलेल्या. त्यांना मिळाल्या पाच टोप्या, सरांची पाठ आणि टोप्यांच्या फटीतून एक गुलाबी मान. सर त्या फोटोपाशी चहा निवेपर्यंत थांबले. “हां, इथे कोणीतरी काहीतरी बघितलंय,” असे म्हणाले. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाही जण नावाड्याशेजारी. सर एकटेच पुढे, ऐसपैस. नाव आता मागून बुडू लागली.

प्रस्तुत संशोधकाचा निष्कर्ष असा की जागेला स्वतःचे मूल्य नसते, सरांची नजर जाईल तिकडे ते सरकते. पुढील संशोधन अवश्य व्हावे; मात्र अभ्यासकांनी नावेत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळावेत आणि नावाडीदादा सांगतील तिथेच बसावे, ही नम्र विनंती.